हरलेल्यानं आकडा लिहायचा

ती वही दोनशे पानी होती. जाड पुठ्ठ्याची, वर लाल स्केचपेनने लिहिलेलं 'कार्डं'. आमच्या आईला कितीतरी दिवस वाटत होतं, की मी कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका वाटायचं काम अंगावर घेतलंय. आत मात्र आमच्या ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या सगळ्या ग्राफिक्स कार्डांची कुंडली मांडलेली होती. कुठलं कार्ड, किती एमबीचं, कुणाचं, कुठल्या रविवारी तपासलं आणि पाण्याच्या टाकीपाशी किती आकडा दाखवला. साठेक नोंदी असतील. त्यातली एक खोटी आहे आणि ती माझ्यामुळे खोटी आहे. तिच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो, कारण लिहायला बसलं की कान गरम होतात. आत्ताही झालेत.

ज्यांना हा रोग कधी जडला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत बंदुकीचे खेळ खेळायचे तर नुसता कॉम्प्युटर असून भागायचं नाही. पडद्यावरची चित्रं काढायला आत एक वेगळं कार्ड बसवावं लागायचं. कार्ड दमदार असलं तर सेकंदाला पन्नास-साठ चित्रं काढायचं आणि खेळ सुळसुळीत चालायचा. अशक्त असलं तर वीस-पंचवीसवर धापा टाकायचं, आणि तुम्ही मान वळवून बघेपर्यंत समोरचा तुम्हाला गोळी घालून पुढे गेलेला असायचा. खेळ चालू असताना एक आज्ञा टाइप केली की सेकंदाला किती चित्रं निघतायत तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचा. आमचा जीव त्या कोपऱ्यात अडकलेला. इंजिनिअरिंगच्या वर्गात फळ्याकडे आम्ही इतकं टक लावून कधी बघितलं नाही.

आमच्यापैकी कुणाचंच कार्ड नवंकोरं नसायचं. पुण्या-मुंबईत दोन वर्षं वापरून झालेलं कार्ड कुणाच्या तरी चुलतभावाच्या बॅगेतून आमच्यापर्यंत यायचं. त्यामुळे कुठलं जुनं कार्ड कुठल्या जुन्या कार्डाला भारी, हाच काय तो आमच्या संशोधनाचा विषय. त्याला आम्ही 'जोड लावणं' म्हणायचो, मैदानात पैलवानांची लावतात तशी. आखाडा एकच, राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीतलं माझं मशीन. कारण मशीन बदललं की जोर कार्डाचा की प्रोसेसरचा हे कळत नाही. खेळातला नकाशा एकच आणि जागाही एकच. पाण्याच्या टाकीसमोर उभं राहायचं, तीन धुराचे गोळे फेकायचे आणि धूर दाटला की आकडा सगळ्यात खाली कुठे उतरतो तो धरायचा. एरवी डरकाळ्या फोडणारी कार्डं त्या धुरात गुडघे टेकायची. हे सगळं रविवारी सकाळी, वीज जायच्या आत उरकायला लागायचं. नवाला भारनियमन सुरू व्हायचं आणि आमची कुस्ती अर्ध्यावर राहायची.

आणि एक नियम होता. तो मी घातलेला होता आणि त्याची मला फार घमेंड होती. आकडा हरलेल्यानं लिहायचा. जिंकलेल्याने नुसतं बघत उभं राहायचं. ज्याचं कार्ड पडलं त्याने पेन घ्यायचं, दोन्ही आकडे स्वतःच्या अक्षरात लिहायचे आणि खाली सही ठोकायची. म्हणजे दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर 'माझ्यावर अन्याय झाला' असं रडगाणं गायची सोय नाही. या एका नियमामुळे वहीला वजन आलं. कागलपासून पेठ वडगावपर्यंतची पोरं कार्ड घ्यायच्या आधी विचारायची, "वहीत काय हाय त्याचं?" मला लोक 'वहीवाला' म्हणायला लागले. मी वरवर 'गप की रे' म्हणायचो आणि आतून फुगायचो.

शहरातल्या एका कॉलेजच्या महोत्सवात दरवर्षी या खेळाची स्पर्धा असायची. चौघांचा संघ. मशीनं त्यांच्या लॅबमधली, सगळी एकसारखी, पण कार्डं ज्याची त्याने आणायची. साहजिकच चौघांत कोण हे कार्डावर ठरायचं. पहिल्या वर्षी आमच्या तीन जागा ठरल्या आणि चौथ्या जागेसाठी माझी जोड डॉक्टरांच्या मुलाशी लागली. हा आमच्याच गल्लीतला, आमच्या नात्यागोत्यातलाच म्हणा ना, आमच्या घरी सणावाराला जेवायला असायचा. माझं तेव्हाचं चौसष्ट एमबीचं कार्ड धुरात एकोणीसवर आलं. त्याचं चौतीसवर थांबलं. मी पेन घेतलं, एकोणीस लिहिलं, चौतीस लिहिलं, सही केली आणि त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. स्पर्धेच्या दिवशी त्याच्या खुर्चीमागे उभं राहून वायरी सांभाळल्या, बाटल्या भरून आणल्या, घसा बसेपर्यंत ओरडलो. वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण दोन दिवसांत विसरलो.

पुढच्या वर्षी मी बाबांच्या मागे लागून नवं कार्ड घेतलं. नवं म्हणजे खरंच नवं, खोक्यातलं. बाबा शाळेत मास्तर. त्यांना मी सांगितलं की ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला लागतं, आणि त्यांनी मान डोलावली. हे खोटं मी आज मोजत नाही. ते त्या वयातल्या सगळ्यांनी आपापल्या बापाला सांगितलेलं आहे.

खरी गंमत दुकानात झाली. मी वर्षभर इतरांना शहाणपण शिकवत होतो, की बाबांनो, खोक्यावरचे एमबी बघून कार्ड घेऊ नका, आतली चिप बघा, मेमरीपर्यंतचा रस्ता किती रुंद आहे ते बघा. आणि माझ्यावर पाळी आली तेव्हा खोक्यावर तळहाताएवढ्या अक्षरात छापलेलं '२५६' बघून मी पाघळलो. वर चिलखत घातलेला एक राक्षसही होता. घरी येऊन कार्ड बसवलं, टाकीसमोर उभा राहिलो, तीन गोळे फेकले. तेहतीस. मी पुन्हा फेकले. पुन्हा तेहतीस. डॉक्टरांच्या मुलाच्या वर्षभर जुन्या कार्डापेक्षाही एकाने कमी. वहीवाल्याने स्वतः शेण खाल्लं होतं, आणि ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं.

ज्याच्याबद्दल हे लिहितोय तो त्याच वर्षी आमच्या गटात आला. तो पेठ वडगावचा. वडील पोस्टात कारकून, आई घरी शिवणकाम करायची. वर्गात माझ्या मागच्या बाकावर बसायचा, मोठ्याने हसायचा, आणि मास्तरांना शंका विचारायला उभा राहिला की मास्तर जरा सावरून बसायचे. तो बौद्ध कुटुंबातला होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आडनाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हाच मनात नोंद झाली होती, आणि अशी नोंद झाली हे मी तेव्हा कुणी विचारलं असतं तर शपथेवर नाकारलं असतं. त्याला ॲडमिशन कशी मिळाली असेल हेही मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. बारावीचे मार्क मी त्याला कधी विचारले नाहीत. विचारायची गरजच वाटली नाही.

दर रविवारी तो एसटीने यायचा. आल्यावर आधी खाली स्वयंपाकघरात डोकावून "काकू, आलो हं," म्हणायचा आणि मग जिना चढायचा. आई त्याला सगळ्यांबरोबर पोहे द्यायची, त्याच बशीत. आमच्याकडे तसलं काही नाही, हे आमच्या घरात फार कौतुकाने सांगितलं जायचं. बाबा दरवर्षी जयंतीला शाळेत समतेवर भाषण करायचे. ते भाषण ते स्वतः लिहायचे आणि चांगलं लिहायचे.

त्याने मला चार वेळा घरी बोलावलं होतं. "ये की वडगावला, आई म्हणतीया कोण त्यो वहीवाला दाव तरी." चारही वेळा मला काहीतरी काम निघालं.

त्याच्याकडे एकशे अठ्ठावीस एमबीचं कार्ड होतं. मामा पुण्यात एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. तिथली मशीनं बदलली तेव्हा साहेबांना विचारून त्याने एक कार्ड भाच्यासाठी आणलं. त्याला ना खोकं ना राक्षस. तो ते पेढ्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आईच्या शिवणातल्या सुती तुकड्यात गुंडाळून आणायचा. पंखा आवाज करत होता म्हणून त्याने रंगाच्या ब्रशने धूळ झाडून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला होता. पंखा बिचारा गप झाला होता.

"तुझं दोनशे छप्पन, माझं त्याच्या निम्मं," तो म्हणाला. "पर मामा म्हणतोय, हौद मोठा असून उपेग न्हाई, नळ बारीक असला तर बादली भरत न्हाई. माझा नळ मोठा हाय म्हणं."

हे वाक्य वर्षभर मीच लोकांना वेगवेगळ्या शब्दांत सांगत होतो. पण त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला ते आगाऊपणाचं वाटलं.

त्या वर्षीही तीन जागा ठरलेल्या होत्या. डॉक्टरांचा मुलगा आणि आणखी दोघं. चौथी जागा माझी किंवा त्याची. जोड पुढच्या रविवारी लावायची ठरली. मधल्या दिवसांत एकदा दुपारी जेवताना मी घरी हे सांगितलं. बाबांनी विचारलं, "त्याच्याकडे कार्ड कुठून आलं?"

"मामाने दिलं, पुण्याहून."

"बरं आहे बुवा," बाबा कोशिंबीर घेत म्हणाले, "या लोकांना कुठून ना कुठून मिळतंच."

त्यात राग नव्हता, तिरस्कारही नव्हता. पाऊस येईल असं वाटतंय म्हणावं तितक्या सहज म्हणाले. आईने भात वाढू का विचारलं. मी वाढ म्हटलं. बाबांच्या बोलण्यावर काही बोलायला हवं असं मला वाटलंच नाही. मला ते बरोबर वाटलं, हे आज लिहितोय.

रविवारी तो सातलाच आला. बाकीचे दोघं-तिघं मिसळ खाऊन नंतर येणार होते. आधी माझं कार्ड तपासलं. तेहतीस. त्याने मान डोलावली. "बरं हाय की." मग मी कॅबिनेट उघडलं, माझं कार्ड काढलं, त्याचं बसवलं. जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढून नवा टाकायचा, मशीन दोनदा बंद-चालू करायचं, याला वीसेक मिनिटं जायची. तेवढ्यात खालून आईने चहाला हाक मारली. "तू जा, मी हे बघतो," मी म्हटलं. तो खाली गेला.

मशीन चालू झालं. मी सहज, नुसतं बघायचं म्हणून, खेळ उघडला. टाकीसमोर गेलो. तीन गोळे फेकले. धूर दाटला आणि आकडा सत्तेचाळीसवर उभा राहिला. हलेना. मी पुन्हा फेकले. सेहेचाळीस, सत्तेचाळीस.

खालून त्याच्या हसण्याचा आवाज येत होता. आईला तो कसलातरी वडगावचा किस्सा सांगत होता आणि आईपण हसत होती. मी खेळ बंद केला. ड्रायव्हरच्या खिडकीत गेलो. तिथे दोन पट्ट्या असायच्या, सरकवायच्या. त्या उजवीकडे नेल्या की चित्राच्या कडा गुळगुळीत होतात आणि कार्डावर तिप्पट ओझं पडतं. तपासताना त्या पूर्ण डावीकडे ठेवायच्या, हा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला पहिला नियम. मी दोन्ही पट्ट्या उजव्या टोकाला नेल्या आणि खिडकी बंद केली. एवढ्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. कुणी मला सांगितलं नाही, चिथवलं नाही. हात आपणहून गेला.

तो कप घेऊन वर आला. माझाही चहा त्याने आणला होता. मी खेळ सुरू केला, टाकीसमोर गेलो, गोळे फेकले. चोवीस.

"आं?" तो पुढे वाकला. "घरी अठ्ठावीस येतंय की. घरचं मशीन तर ह्याच्यापेक्षा डबडं हाय."

"घरी धूर किती टाकलास?"

"दोन गोळं."

"मग! इथे तीन आहेत. आणि जुनं कार्ड नव्या प्रोसेसरशी धड जुळत नाही कधीकधी." हे मी तज्ज्ञाच्या आवाजात बोललो. त्या वाक्याला काहीही अर्थ नव्हता.

त्याने पडद्याकडे नीट बघितलं. "चित्र मातूर लई गुळगुळीत दिसतंय तुझ्याकडं."

"मॉनिटर चांगला आहे," मी म्हटलं.

"व्हय, त्ये पण हाय." तो खुर्चीवर बसला, वही ओढली आणि स्वतःहून पेन मागितलं. मी दिलं. त्याचं अक्षर फार सुरेख होतं, वळणदार, शिरोरेघा सरळ. त्याने आधी तेहतीस लिहिलं, माझं नाव लिहिलं. मग चोवीस लिहिलं, त्यापुढे स्वतःचं नाव, आणि खाली सही केली. सहीखाली दोन टिंबं द्यायची त्याची सवय होती, तीसुद्धा दिली. मग माझा हात धरून वर उचलला, मैदानात पंच जिंकलेल्याचा उचलतो तसा. "वहीवाला की जय!" म्हणून ओरडला. खाली आई हसली. मिसळ खाऊन बाकीचे आले तेव्हा त्याने कार्ड पुन्हा सुती तुकड्यात गुंडाळलेलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी तो वडगावहून आला, माझ्या खुर्चीमागे उभा राहिला, वायरी सांभाळल्या, बाटल्या भरून आणल्या. आदल्या वर्षी मी केलं ते सगळं त्याने केलं. दुसऱ्याच फेरीत समोरच्यांनी धूर फेकला आणि माझं कार्ड गुदमरलं. पडदा हिसके देत चालला. तो मागून कानात सांगत होता, "पाण्याकडं बघू नगंस, भिंतीकडं बघ, आकडा चढंल." मी भिंतीकडे बघितलं. आकडा चढला, पण तोवर मी मेलो होतो. आम्ही हरलो. बाहेर पायरीवर बसल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला.

"जाऊ दे रे. माझं असतं तर चोवीसवर ह्याहून वाट लागली असती. बरं झालं तूच होतास."

डॉक्टरांचा मुलगा म्हणाला, "बरोबर आहे." मीही मान डोलावली. मला तेव्हा लाज वाटली का? वाटली. पण पकडलं जायच्या भीतीपेक्षा कमीच. त्यानंतर तो रविवारी येईनासा झाला. अभ्यास आहे म्हणायचा, आणि अभ्यास करायचाही, कारण शेवटच्या वर्षी तो वर्गात दुसरा आला. तो येत नाही म्हणून मला हायसं वाटायचं. माझा मी पुन्हा वहीवाला झालो.

मग नोकरीसाठी पुण्याला गेलो. खेळ सुटला, पोट सुटलं. काही वर्षांनी दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा करायला गेलो आणि वही सापडली. त्याचं अक्षर दिसलं, दोन टिंबं दिसली, आणि मला दोन दिवस काही गोड लागेना. मी ठरवलं, सांगून टाकायचं. मनात सगळं मांडून ठेवलं. वय कमी होतं, नवं कार्ड होतं, बाबांना तोंड दाखवायचं होतं, स्पर्धेत खेळायचं होतं. हातून घडलं, माफ कर. कुणाही मित्राने माफ करावं असं ते होतं. कारणं मला स्वतःला पटली होती.

तो कागलजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि वडगावातच राहायचा. फोन केला तर पहिला शब्द, "वहीवाले! कुठं हाईसा?" मी म्हटलं, तुझ्याकडे यायचंय. "ये की," म्हणाला. "पाचव्यांदा बोलवतोय."

तो मोजत होता, हे मला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी एसटीने गेलो. घर नवं बांधलेलं, दारात जास्वंद, आत टीव्हीशेजारच्या कपाटात बुद्धाची छोटी मूर्ती. त्याची आई बाहेर आली. "ह्योच व्हय त्यो वहीवाला? लई दिवसांनी उगवलासा," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. मी पिशवीतून वही काढून टीपॉयवर ठेवली, ते पान उघडलं आणि डोळे मिटून सांगावं तसं सांगून टाकलं. तुझं कार्ड चोवीसवर नव्हतं. सत्तेचाळीसवर होतं. तू चहाला खाली गेलास तेव्हा मी पट्ट्या ओढल्या.

तो एकदम मांडीवर थाप मारून हसला, तसाच, मोठ्याने. "आयला! म्हणून चित्र गुळगुळीत दिसत होतं व्हय! आणि मी मॉनिटरला नावाजत बसलो!"

मीही हसलो. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आतून आईने विचारलं, "काय झालं रं?" तो म्हणाला, "काय न्हाई आई, जुनी कुस्ती." मग हसू आवरत म्हणाला, "खरं सांगू, मामाला मी तवा लई टाकून बोललो. म्हणलं, तुमी मला भंगार दिलंसा. मामा म्हणला, असं हुईल कसं, ऑफिसात त्याच्यावर मी सोता खेळ चालवून बघितलंय. मी म्हणलं, वहीत हाय, वही खोटं बोलंल व्हय? मामा गप बसला. परत कधी काय आणलं बी न्हाई त्यानं."

माझं हसू तिथेच संपलं. त्याने खिशातलं पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"लिही की. हरलेल्यानं लिहायचा न्हवं?"

मी त्याचा चोवीस खोडला, शेजारी सत्तेचाळीस लिहिलं, खाली सही केली. त्याच्या अक्षरापुढे माझं अक्षर गचाळ दिसत होतं. त्याने वही आपल्याकडे फिरवली, मान हलवली. झालं एकदाचं असं मला वाटलं. मग तो सहज मागची पानं चाळायला लागला. कुणाकुणाची नावं बघून हसत होता. "ह्यो आता दुबईला हाय," "ह्याचं लगीन मोडलं." एका पानावर थांबला.

"हितं तू हरलास."

मी वाकून बघितलं. एकोणीस आणि चौतीस, माझ्या अक्षरात. खाली माझी सही.

"हो. डॉक्टरांच्या मुलाशी."

"ही बी चौथ्याच जागंसाठी लावलेली जोड न्हवं?"

"हो."

"मशीन तुझंच. तपासणारा तूच."

"हो."

त्याने बोट त्या पानावर ठेवलं. बरीच पानं पुढे जाऊन त्याच्या खोडलेल्या चोवीसवर ठेवलं. पुन्हा मागे आणलं. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता.

"मग तवा पट्टी का न्हाई ओढलीस?"

मी मनात मांडून आणलेली सगळी कारणं एकदम निकामी झाली. वय तेव्हाही कमीच होतं, उलट एका वर्षाने आणखी कमी. स्पर्धा तेव्हाही होती आणि जागाही तीच होती. पट्ट्या होत्या, त्या कुठे असतात हे मला ठाऊक होतं. तरी मनात आलंसुद्धा नव्हतं. डॉक्टरांचा मुलगा आमच्यातला होता. त्याच्याकडून हरलो, लिहिलं, पाठीत गुद्दा घातला, विसरलो. याच्याकडून हरल्याचं लिहायला मात्र माझा हात तयार झाला नाही. कारण त्याच्याकडचं काहीही माझ्यापेक्षा सरस असू शकतं, हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी शिकायला गेलो नव्हतो. ही वही मी माळ्यावरून काढल्यापासून दहा वेळा चाळली होती. ती दोन पानं शेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नाही. त्याला ते दिसायला दोन मिनिटं लागली.

हे सगळं मी तिथे बोललो नाही. मी म्हटलं, "माहीत नाही."

त्या घरात बसून मी सांगितलेलं हे आणखी एक खोटं. तेही त्याला कळलं असणार.

त्याची आई चहा घेऊन आली. "घे बाबा, गार हुईल," म्हणाली. मी कप उचलला. तो खिडकीबाहेर बघत चहा प्यायला. त्याने प्रश्न पुन्हा विचारला नाही. मामाचा विषय नाही, कार्डाचाही नाही. कारखान्यातल्या शिफ्टबद्दल बोलला, माझ्या पगाराबद्दल एका शब्दाने विचारलं नाही, आणि साडेदहाची गाडी आहे ती मिळेल असं सांगितलं.

निघताना मी वही उचलायला वाकलो, तर त्याने तिच्यावर हात ठेवला.

"राहू दे हितं," तो म्हणाला. "मामा येणार हाय दिवाळीला. त्याला दावतो."

मी वही तिथेच ठेवली आणि स्टँडकडे चालत सुटलो.